एक ‘आई’, पाच उत्तरं

‘आई’ हा शब्द घ्या. दोनच अक्षरं, त्यात जोडाक्षर नाही, वेलांटी-उकार नाही. हा शब्द संगणकाला देऊन ‘बेस६४’ या पद्धतीत लिहून मागा, आणि एकाच ठिकाणी न मागता पाच ठिकाणी मागा.

पायथनमध्ये उत्तर येतं: ४, के, एस, जी, ४, के, एस, आय. (या प्रकरणात रोमन अक्षरं त्यांच्या नावांनी लिहिली आहेत. ‘लहान’ असं म्हटलं नसेल, तिथे ती कॅपिटल समजावीत.) लिनक्सच्या टर्मिनलवर ‘इको’ ही आज्ञा वापरून तोच शब्द बेस६४ च्या साधनाकडे पाठवला, तर हीच आठ अक्षरं येतात आणि त्यांच्या मागे आणखी चार: सी, लहान जी आणि बरोबरची दोन चिन्हं. पॉवरशेलमध्ये ‘युनिकोड’ नावाचा पर्याय निवडून विचारलं, तर सगळंच वेगळं दिसतं: बी, लहान जी, लहान के, आय, सी, क्यू आणि पुन्हा बरोबरची दोन चिन्हं. अँड्रॉइडच्या प्रणालीतलं उत्तर पायथनसारखंच दिसतं, पण त्याच्या शेवटी ‘नवी ओळ’ हे न दिसणारं चिन्ह चिकटलेलं असतं. आणि ब्राउझरमध्ये या कामासाठी असलेलं जुनं फंक्शन उत्तर देतच नाही. ‘हे अक्षर मला चालत नाही’ अशा अर्थाची त्रुटी दाखवून ते थांबतं.

यातलं एकही साधन बिघडलेलं नाही. प्रत्येकानं आपल्याला जे सांगितलं होतं ते बिनचूक केलं. तरीही दोन वेगळ्या भाषांत लिहिलेल्या प्रणाली एकमेकींशी बोलू लागल्या की याच फरकांपायी डिजिटल सही जुळत नाही, टोकन नाकारलं जातं, फोटो अर्धाच उघडतो. प्रोग्रामर रात्र रात्र आपल्या कोडमधली चूक शोधत बसतो आणि चूक कोडमध्ये नसतेच. ती असते न बोलता गृहीत धरलेल्या संकेतांत. हे संकेत कुठून आले हे कळलं की पाचही उत्तरं आपोआप उलगडतात.

सात बिटांची वाट

संगणकाच्या पोटात सगळंच बाइट्सच्या रूपात असतं. एक बाइट म्हणजे ० ते २५५ मधला एक आकडा, लिहायला आठ बिट लागणारा. फोटो, गाणं, ‘आई’ हा शब्द, सगळं म्हणजे अशा आकड्यांची माळ. मग ही माळ जशी आहे तशी का पाठवत नाहीत? तिला अक्षरांचा वेष का चढवायचा?

कारण वाट अरुंद होती. जॉन पोस्टेल यांनी १९८२ मध्ये ई-मेल वाहून नेण्याचे नियम लिहिले, तेव्हा पत्र म्हणजे इंग्रजी मजकूर असं धरलं होतं. त्याला सात बिट पुरतात. आठवा बिट वाटेत टिकेल याची हमी नव्हती आणि एका ओळीत हजारापेक्षा जास्त अक्षरं चालत नव्हती. फोटोतले बाइट्स या वाटेनं सोडले असते, तर पलीकडे पोचला असता तो कचरा.

म्हणून युक्ती निघाली: बाइट्सची माळ अशा मोजक्या अक्षरांत लिहायची, जी कोणत्याही वाटेवर सुरक्षित राहतील. १९८० मध्ये मेरी ॲन हॉर्टन यांनी बर्कली इथे युनिक्ससाठी ‘यूयूएन्कोड’ हा प्रोग्राम लिहिला. त्यात ६४ चिन्हं होती, पण ती ॲस्की या इंग्रजी अक्षरांच्या तक्त्यातून ३२ ते ९५ क्रमांकांची सलग उचललेली होती. त्यातलं पहिलंच चिन्ह म्हणजे रिकामी जागा. ओळीच्या शेवटी आलेली रिकामी जागा काही मेल-यंत्रणा ‘निरुपयोगी’ म्हणून छाटून टाकत आणि फाइल बिघडे. चौकोनी कंसही त्या ६४ मध्ये होते. स्वीडनच्या ७-बिट तक्त्यात त्या कंसांच्या जागी स्वीडिश अक्षरं बसवलेली होती. आयबीएमच्या मोठ्या संगणकांचा ‘एब्सिडिक’ हा तक्ता तर निराळाच. संदेश एका तक्त्यातून दुसऱ्यात जाताना अशी चिन्हं बदलून जात.

बेस६४ ची मुळाक्षरं या ठेचांतून निवडली गेली. २६ कॅपिटल, २६ लहान आणि १० अंक मिळून झाले ६२. उरलेल्या दोन जागांवर अधिक (+) आणि तिरकी रेघ (/) घेतली, कारण ही चिन्हं वेगवेगळ्या देशांच्या तक्त्यांत आणि एब्सिडिकच्या सगळ्या प्रकारांत सारखी सापडत होती. ही मुळाक्षरं १९८७ मध्ये गोपनीय ई-मेलसाठी सुचवलेल्या ‘पेम’ या मानकात आली. नॅथनिएल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड यांनी १९९२ मध्ये ई-मेलला जोडपत्रं देणारं ‘माइम’ हे मानक रचलं, तेव्हा त्यांनी तीच घेतली. त्याच वर्षी ११ मार्चला बोरेनस्टाइन यांनी आपल्या गायक-चौकडीचा फोटो आणि त्यांच्या गाण्याची ध्वनिफीत ई-मेलला जोडून पाठवली. आज आपण रोज फोटो नि कागदपत्रं जोडून पाठवतो, त्या सवयीच्या मुळाशी हा पत्रव्यवहार आहे.

‘आ’ हातानं लिहून पाहू

बेस६४ चं गणित पाटीवर मांडता येण्याइतकं सोपं आहे. तीन बाइट घ्यायचे. त्यांचे २४ बिट होतात. ते सहा-सहाच्या चार गटांत तोडायचे. सहा बिटांत ० ते ६३ पर्यंतचा एक आकडा मावतो, म्हणून प्रत्येक गटाला ६४ मधलं एक अक्षर. तीन बाइट आत, चार अक्षरं बाहेर. म्हणूनच ३ एमबीचा फोटो ई-मेलमध्ये ४ एमबी होतो.

अक्षरांचे बाइट करण्याच्या ‘यूटीएफ-८’ या पद्धतीत ‘आ’ हे अक्षर तीन बाइट्सचं असतं: २२४, १६४, १३४. बिट्समध्ये लिहिलं तर १११०००००, १०१००१००, १००००११०. आता सहा-सहाचे गट पाडा: १११०००, ००१०१०, ०१००१०, ०००११०. हे आकडे झाले ५६, १०, १८ आणि ६. मुळाक्षरांच्या तक्त्यात ए शून्यावर आहे, म्हणून सहावर जी येतं, दहावर के, अठरावर एस. अंक ५२ पासून सुरू होतात, म्हणून छप्पनवर ४. उत्तर: ४, के, एस, जी. पायथननं दिलेल्या उत्तराचा पहिला अर्धा भाग हाच.

माळेची लांबी तीनच्या पटीत नसेल तर? शेवटी एकच बाइट उरला, तर त्याचे आठ बिट दोन अक्षरांत बसवतात आणि चारचा गट पुरा करायला बरोबरची दोन चिन्हं (==) जोडतात. दोन बाइट उरले तर तीन अक्षरं आणि एक चिन्ह. या भरतीला पॅडिंग म्हणतात.

नियम संपले. इतक्या सरळ नियमांत फरक पडायला जागा कुठे उरते? नियमांच्या सीमेवर उरते: माळ आत येण्याआधी, ओळ संपताना, शेवटच्या दोन मुळाक्षरांत आणि शेपटीत.

पहिला फरक: शब्द आणि बाइट एक नव्हेत

बेस६४ ला ‘आई’ माहीत नाही. त्याला फक्त बाइट्स दिसतात. शब्दाचे बाइट्स कोणी आणि कसे केले, हा त्याच्या आधीचा प्रश्न आहे, आणि सर्वांत जास्त गोंधळ तिथेच होतो.

यूटीएफ-८ मध्ये ‘आई’चे सहा बाइट होतात. पॉवरशेल आणि डॉट नेटमध्ये ‘युनिकोड’ या नावाच्या पर्यायाचा अर्थ आहे यूटीएफ-१६, आणि त्यातही प्रत्येक जोडीतला लहान बाइट आधी. तिथे ‘आ’चे दोनच बाइट, ६ आणि ९, ‘ई’चे ८ आणि ९. आत चार बाइट गेले, म्हणून बाहेर सहा अक्षरं आणि बरोबरची दोन चिन्हं आली. मोठा बाइट आधी ठेवणारी यूटीएफ-१६ वापरली असती, तर सहाव्या उत्तराची भर पडली असती: सी, क्यू, वाय, जे, सी, ए आणि दोन चिन्हं.

ब्राउझरच्या जुन्या फंक्शनचा नकारही इथलाच. ते फंक्शन प्रत्येक अक्षर म्हणजे एक बाइट असं धरून चालतं. अक्षराचा क्रमांक २५५ च्या आत असला तर ठीक. ‘आ’चा युनिकोड क्रमांक २३१० आहे. त्याला आधी यूटीएफ-८ च्या बाइट्समध्ये उलगडून द्यावं लागतं. इंग्रजीत काम करणाऱ्याला ही पायरी आयुष्यभर दिसत नाही, कारण इंग्रजी अक्षरं २५५ च्या आतच असतात. मराठीत काम करणाऱ्याला ती पहिल्याच दिवशी अडवते.

लिनक्समध्ये शेवटी आलेली चार चिन्हं तर बेस६४ ची नव्हेतच. ‘इको’ ही आज्ञा शब्दानंतर नवी ओळ सुरू करते, म्हणजे क्रमांक १० चा एक बाइट जोडते. त्या बाइटचं बेस६४ रूप म्हणजे सी, लहान जी आणि दोन बरोबर चिन्हं. हे शेपूट पाहिलं की अनुभवी माणूस लगेच ओळखतो: कोणीतरी ‘इको’ला नवी ओळ नको म्हणून सांगायला विसरलं. पासवर्ड साठवताना ही विसरभोळी नवी ओळ पासवर्डचाच भाग होऊन बसते आणि लॉगिन होत नाही.

मराठीचा एक सापळा याहून बारीक आहे. ‘दुसऱ्या’ हा शब्द पडद्यावर एकच दिसतो, पण त्यातला अर्धा र दोन प्रकारे टंकता येतो. एका प्रकारात नुक्ता असलेला ऱ, हलन्त आणि य: तीन संकेत, नऊ बाइट. दुसऱ्यात साधा र, हलन्त, अक्षरं जोडून ठेवणारा ‘झेडडब्ल्यूजे’ हा अदृश्य संकेत आणि य: चार संकेत, बारा बाइट. एकाची बेस६४ बारा अक्षरांची, दुसऱ्याची सोळा. युनिकोडची प्रमाणीकरणाची नेहमीची प्रक्रिया हे दोन प्रकार एक करत नाही. ‘ॲ’चंही तसंच. २००८ मध्ये युनिकोड ५.१ नं त्याला स्वतंत्र क्रमांक दिला, पण ‘अ’वर चंद्र ठेवून तो टंकण्याची जुनी सवय अजून आहे. एक तीन बाइट्सचा, दुसरा सहा बाइट्सचा. डोळ्यांना एकच दिसणारी दोन नावं संगणकाला दोन वेगळी माणसं वाटतात. मराठी नावांवर चालणारी कुठलीही प्रणाली बांधणाऱ्यानं हे टेबलावर लिहून ठेवावं.

दुसरा फरक: ओळ कुठे तोडायची

पेमनं ठरवलं, ओळ ६४ अक्षरांची. माइमनं ठरवलं, जास्तीत जास्त ७६. हे आकडे ८० अक्षरांच्या पडद्यात आणि ई-मेलच्या मर्यादेत नीट बसणारे होते. ७६ अक्षरांत ५७ बाइट मावतात. ओळ संपवणारी दोन चिन्हं धरली, की फुगवटा ३३ टक्क्यांवरून ३७ टक्क्यांच्या आसपास जातो.

मग प्रत्येक लायब्ररीच्या लेखकानं आपल्या डोळ्यांसमोरची वाट पाहून निवड केली. ओपनएसएसएल हे प्रमाणपत्रांचं साधन, म्हणून पेमच्या वळणानं ६४ वर ओळ तोडतं. लिनक्समधलं जीएनयूचं बेस६४ साधन ७६ वर तोडतं. मॅकओएसचं तोडत नाही. अँड्रॉइड, काही वेगळं सांगितलं नाही, तर ७६ वर तोडतं आणि शेवटीही नवी ओळ घालतं. ‘आई’च्या मागे चिकटलेलं अदृश्य चिन्ह ते हेच. पायथनमध्ये दोन फंक्शनं शेजारी शेजारी आहेत: एक सलग लिहितं, दुसरं ७६ वर तोडतं. रुबीचं जुनं फंक्शन तर ६० वर तोडतं. साठच का? यूयूएन्कोड एका ओळीत ४५ बाइट घेत असे, आणि ४५ बाइट्सची अक्षरं होतात ६०. बर्कलीच्या त्या प्रोग्रामची लकब चाळीसहून अधिक वर्षांनंतर रुबीच्या एका फंक्शनमध्ये जिवंत आहे.

हा फरक एकाच लायब्ररीच्या दोन आवृत्त्यांतही पडलेला आहे. जावाच्या जगात ‘अपाचे कॉमन्स कोडेक’ ही लायब्ररी फार वापरली जाते. तिच्या १.४ या आवृत्तीत, २००९ मध्ये, बाइट्सचं थेट बेस६४ स्ट्रिंग करून देणारं एक सोयीचं फंक्शन आलं. ते ७६ अक्षरांवर ओळ तोडत होतं आणि शेवटीही ओळ संपवत होतं. २०११ मधल्या १.५ पासून तेच फंक्शन, त्याच नावानं, सगळं एका ओळीत देऊ लागलं. नाव तेच, काम तेच, आणि आवृत्ती बदलली की उत्तर वेगळं. मजकूर वेबच्या हेडरमध्ये घालणाऱ्यांना आधीचं रूप त्रासाचं होतं, कारण हेडरमध्ये मधेच नवी ओळ आली की हेडर मोडतो. उलट ज्यांनी तोडलेल्या ओळींवर भरवसा ठेवला होता, त्यांना नंतरचं रूप अनोळखी झालं.

या गोंधळाला शिस्त लावायचा प्रयत्न सायमन योसेफसन यांनी लिहिलेल्या आरएफसी ४६४८ या मानकात दिसतो. ते ऑक्टोबर २००६ चं. त्यात स्पष्ट म्हटलं आहे की बेस६४ वापरणाऱ्या मानकानं वेगळं सांगितलं नसेल, तर ओळ तोडू नये. पण तोवर अनेक लायब्रऱ्या लाखो प्रोग्राममध्ये रुजल्या होत्या. रुजलेल्या फंक्शनचं वागणं बदलणं म्हणजे चालू घराचा पाया हलवणं. म्हणून बहुतेकांनी जुनं तसंच ठेवलं आणि शेजारी नवं फंक्शन दिलं. रुबीत ‘स्ट्रिक्ट’ नावाचं वेगळं फंक्शन आहे. २०१४ मध्ये आलेल्या जावा ८ नं साधा, वेबसाठीचा आणि माइमचा असे तीन प्रकार सरळ वेगळे काढून ठेवले. कोणता हवा, ते निवडल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. मला ही रचना सर्वांत प्रामाणिक वाटते. ती प्रोग्रामरला प्रश्न विचारते: तुझा मजकूर कोणत्या वाटेनं जाणार आहे?

तिसरा फरक: शेवटची दोन मुळाक्षरं

ई-मेलच्या वाटेवर अधिक आणि तिरकी रेघ सुरक्षित होती. वेब आलं आणि तीच दोन चिन्हं अडचणीची ठरली. पत्त्यात तिरकी रेघ म्हणजे पुढचा कप्पा. फॉर्ममधून आलेल्या माहितीत अधिकचं चिन्ह म्हणजे रिकामी जागा. त्यामुळे बेस६४ मधलं ‘अधिक’ पलीकडे पोचताना गुपचूप रिकामी जागा होतं. गंमत अशी की प्रत्येक मजकुरात ‘अधिक’ येतंच असं नाही. चाचणीत दहा वेळा सगळं ठीक चालतं आणि अकराव्या ग्राहकाचं टोकन फुटतं. कधीतरीच दिसणारी चूक पकडायला सर्वांत कठीण असते.

उपाय म्हणून वेबसाठी वेगळी मुळाक्षरं ठरली: अधिकच्या जागी आडवी रेघ (-), तिरकीच्या जागी खालची रेघ (_). बाकी ६२ जागच्या जागी. आरएफसी ४६४८ नं याला स्वतंत्र नाव दिलं आणि दोन्हींना एकच समजू नये असंही बजावलं. ई-मेलच्या पेट्यांची नावं लिहिताना आयमॅप या मानकात तिरकीच्या जागी स्वल्पविराम घेतात, कारण तिथे तिरकी रेघ पेटीच्या आतली पेटी दाखवायला वापरली जाते. पासवर्ड जपणाऱ्या बीक्रिप्टमध्ये तर मुळाक्षरांचा क्रमच निराळा: टिंब आणि तिरकी रेघ सुरुवातीला, मग अक्षरं, मग अंक. तो मजकूर बेस६४ सारखाच दिसतो आणि नेहमीच्या तक्त्यानं वाचला तर चुकीचे बाइट देतो.

६४ सोडून इतर पायांवरच्या पद्धतींतही हेच घडतं. ८५ चिन्हांच्या पद्धतीत चार बाइट्सची पाच अक्षरं होतात, म्हणजे जागा कमी लागते. पण तिचे निदान तीन तक्ते प्रचलित आहेत, आणि पायथनच्या एकाच मोड्यूलमध्ये ८५ ची वेगळ्या तक्त्यांची फंक्शनं शेजारी नांदतात. नाव सारखं असलं की मुळाक्षरं सारखीच असतील, असं मानू नये.

चौथा फरक: शेपटी

बरोबरचं चिन्ह ठेवावं की टाकावं? मजकुराची लांबी माहीत असेल तर ते नसलं तरी चालतं, कारण शेवटच्या गटात किती अक्षरं आहेत यावरून किती बाइट होते हे कळतं. शिवाय वेबच्या पत्त्यात बरोबरच्या चिन्हाला स्वतःचा अर्थ आहे. म्हणून लॉगिनसाठी वापरल्या जाणाऱ्या ‘जेडब्ल्यूटी’ टोकनांत ते टाकूनच देतात. २०१५ चं मानक तसं सांगतं. पायथनचं वेबसाठीचं फंक्शन मात्र ते ठेवतं. गो या भाषेत चार पर्याय आहेत: नेहमीची किंवा वेबची मुळाक्षरं, आणि प्रत्येकी शेपटीसह किंवा शेपटीविना.

शेपटीत आणखी एक गोष्ट लपलेली असते. एक बाइट दोन अक्षरांत बसवला, तर बारा बिटांपैकी आठच कामाचे, चार रिकामे. ते शून्य असावेत असा नियम आहे, पण अनेक वाचक, म्हणजे मजकूर परत बाइट्समध्ये उलगडणारी फंक्शनं, ते तपासत नाहीत. नवी ओळ या बाइटचं रूप ‘सी, लहान जी’ असं असतं. जीच्या जागी लहान एच, आय, जे असं करत व्हीपर्यंत कोणतंही अक्षर ठेवलं, तरी ढिला वाचक तोच बाइट परत देतो. एका बाइटची सोळा रूपं. त्यामुळे दोन टोकनांचा मजकूर वेगळा आहे म्हणून ती टोकनं वेगळी, असं समजणारी प्रणाली फसू शकते. रद्द केलेल्या टोकनांची यादी मजकुरावरून ठेवली असेल, तर शेवटचं एक अक्षर बदलून तेच टोकन पुन्हा आत येऊ शकतं.

वाचणारा किती उदार

आतापर्यंत लिहिणाऱ्याचे फरक पाहिले. वाचणाऱ्यांत तर त्याहून मोठी तफावत आहे. पोस्टेल यांच्या नावानं ओळखलं जाणारं एक तत्त्व इंटरनेटच्या पहिल्या पिढीनं अंगी बाणवलं होतं: पाठवताना काटेकोर राहावं, घेताना उदार. माइमच्या नियमांत ही उदारता दिसते. वाचताना ६४ च्या बाहेरचं चिन्ह भेटलं तर ते वगळून पुढे जायचं. वाटेत ओळी तुटायच्या, जागा घुसायच्या, म्हणून ते शहाणपणाचंच होतं.

आरएफसी ४६४८ उलट सांगतं: वेगळी सूचना नसेल, तर असा मजकूर नाकारा. वगळलेल्या चिन्हांत कोणी गुप्त निरोप दडवू शकतो, असा धोकाही त्यात नोंदवला आहे. दोन्ही विचार आजच्या लायब्रऱ्यांत एकत्र राहतात. जावाचा साधा वाचक एक नवी ओळ दिसली तरी अडतो, पण शेपटी नसली तर चालवून घेतो. गोचा वाचक नेमका उलटा: नवी ओळ सोडून देतो, शेपटीबाबत कडक. जावास्क्रिप्टचं नोड दोन्ही मुळाक्षरं एकाच वेळी समजून घेतं. पायथनच्या नेहमीच्या वाचकाला काटेकोर व्हायला सांगितलं नाही, तर तो अनोळखी चिन्हं गाळून टाकतो. त्याला चुकून वेबच्या मुळाक्षरांतला मजकूर दिला, तर आडव्या आणि खालच्या रेघा गळतात. उरलेली अक्षरं चारच्या पटीत भरली, तर तक्रार न करता चुकीचे बाइट हाती येतात.

म्हणून उदारतेकडे मी आता सावधपणे पाहतो. दोन वाचक एकच मजकूर वेगळा वाचतात, तिथे दुष्ट हेतूनं आलेल्या माणसाला फट मिळते. विषाणू तपासणाऱ्या चाळणीला जोडपत्रात एक गोष्ट दिसते आणि पत्र उघडणाऱ्याच्या संगणकाला दुसरी.

बाइट्स मोजा, वेष नको

दोन लायब्रऱ्यांची उत्तरं जुळत नसतील, तर पहिली गोष्ट अशी करावी: बेस६४ चा मजकूर बाजूला ठेवून आतले बाइट्स दोन्हीकडे आकड्यांत छापावेत. बाइट्सच वेगळे असतील, तर बेस६४ निर्दोष आहे. शब्दाचं रूपांतर, नवी ओळ किंवा ‘ऱ्य’सारखी जागा तपासावी. बाइट्स सारखे आणि मजकूर वेगळा असेल, तर तीनच जागा उरतात: ओळी, शेवटची दोन मुळाक्षरं, शेपटी. रात्रभराचं काम दहा मिनिटांवर येतं.

एक अपवाद मात्र लक्षात ठेवावा. काही ठिकाणी सही बाइट्सवर नसते, बेस६४ च्या मजकुरावरच असते. जेडब्ल्यूटी टोकनात तसंच आहे. तिथे शेवटचं एक बरोबर चिन्ह किंवा एक अदृश्य नवी ओळसुद्धा सही मोडते. अशा जागी मजकूर उलगडून पुन्हा लिहू नये. जसा आला तसाच तपासावा.

आणि दोन प्रणाली जोडण्याआधी दोन्ही बाजूंच्या माणसांनी पाच वाक्यं लिहून काढावीत. शब्दाचे बाइट कोणत्या पद्धतीनं करायचे. ओळ तोडायची का, तोडली तर किती अक्षरांवर. मुळाक्षरं ई-मेलची की वेबची. शेपटी ठेवायची का. अनोळखी चिन्ह आलं तर नाकारायचं की गाळायचं. ‘बेस६४ मध्ये पाठवा’ या तीन शब्दांत या पाचांपैकी एकाचंही उत्तर नाही.

या सगळ्या खटाटोपाचं एक छोटं बक्षीस मराठी वाचकाला मिळतं. मराठीला लागणारं देवनागरीचं प्रत्येक युनिकोड चिन्ह यूटीएफ-८ मध्ये नेमकं तीन बाइट्सचं असतं, आणि बेस६४ ही तीन बाइट्सचीच मोळी बांधते. त्यामुळे शब्दातल्या प्रत्येक चिन्हाला चार अक्षरांचं स्वतःचं घर मिळतं, आणि प्रत्येक घराच्या दारावर पहिली तीन अक्षरं असतात ४, के, एस किंवा ४, के, डब्ल्यू. पहिला शब्द संपून एक रिकामी जागा आली, की तिच्या एका बाइटमुळे घरं सरकतात आणि ओळख पुसते. दुसऱ्या जागेनंतर ती आणखी सरकतात. तिसरी रिकामी जागा आली की तीनचा हिशेब पुन्हा जुळतो आणि चौथ्या शब्दाच्या दारावर ४, के, एस परत दिसू लागतं.

पुढे कधी ई-मेलच्या पोटातला किंवा एखाद्या लॉग फाइलमधला अनाकलनीय मजकूर समोर आला आणि त्यात ४, के, एस पुन्हा पुन्हा दिसलं, तर थांबून पाहा. आत देवनागरीत लिहिलेलं काहीतरी आहे. आणि ते ४, के, एस, जी, ४, के, एस, आय असं असेल, तर उलगडायला आता कुठलीही लायब्ररी लागणार नाही.